भंगारातल्या मोटरवर घरचं वर्कशॉप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातलं वॉशिंग मशीन भंगारात जातं तेव्हा बहुतेक वेळा टब फुटलेला असतो, टायमर गेलेला असतो नाहीतर पत्रा गंजलेला असतो. मोटर धडधाकट असते. तिच्यावर सँडर, धार लावायचा दगड, छोटा लेथ असं काय काय चालवता येतं, हे विचारणारे पुष्कळ आहेत. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे. इथे २३० व्होल्टशी गाठ आहे. ज्याला टेस्टर आणि मल्टिमीटर यांतला फरक माहीत नाही, त्याने वायरिंगपुरता तरी वायरमन जवळ बसवावा.

कुठल्या घरगुती मोटरवर काय होतं, थोडक्यात सांगाल का?

सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनची वॉशची मोटर सगळ्यांत उपयोगी. घरघंटीची १ एचपी मोटर मिळाली तर सोनं. पाण्याच्या पंपाची मोटर वेगळी काढता आली तर तीही चालते, पण मोनोब्लॉक पंपात शाफ्टवर इंपेलर बसलेला असतो आणि सीलमधून झिरपलेल्या पाण्याने पुढची बेअरिंग बहुधा खाल्लेली असते. फ्रंट लोड मशीनची मोटर ताकदवान, पण तिला काबूत ठेवायला इलेक्ट्रॉनिक्स लागतं. मिक्सरची मोटर सगळ्यांत जास्त लोकांकडे पडून असते आणि सगळ्यांत कमी उपयोगाची असते.

माझ्याकडे ७५० वॉटचा मिक्सर आहे. वॉशिंग मशीनच्या पावणेदोनशे वॉटच्या मोटरपेक्षा तो चौपट ताकदवान नाही का?

नाही. हा गैरसमज इतका पक्का आहे की त्यावर जरा सविस्तर लिहितो.

पाटीवरचे वॉट म्हणजे मोटर किती वीज ओढते तो आकडा असतो, आणि वॉट म्हणजे जोर गुणिले वेग. मिक्सर १८,००० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला तितक्या फेऱ्यांच्या, आसपास फिरतो. समजा त्याच्या शाफ्टवर खरोखरचे ३०० वॉट निघाले, तर शाफ्टचा पीळ, म्हणजे टॉर्क, साधारण ०.१६ न्यूटन-मीटर येतो. वॉशच्या मोटरमधून १५० वॉटच निघाले, पण १४०० आरपीएमला, तर तोच पीळ १ न्यूटन-मीटरच्या थोडा वर जातो. म्हणजे अर्ध्या वॉटमध्ये सहापट जोर. लाकडाचा तुकडा डिस्कवर दाबला की मोटर बसते की चालत राहते, ते या आकड्यावर ठरतं.

मग मिक्सरला मोठी पुली लावून वेग उतरवला तर? १८,००० वरून १४०० वर यायला जवळजवळ १३ ला १ प्रमाण लागतं. दोन टप्पे, दोन पट्टे, आणि विमान उडाल्यासारखा आवाज. शिवाय मिक्सर सतत चालवायला बनवलेलाच नसतो. त्याच्या माहितीपत्रकात ‘५ मिनिटं चालू, २ मिनिटं बंद’ अशा धर्तीची सूचना असते, ती गंमत म्हणून छापलेली नाही. सँडरवर माणूस सहज अर्धा तास उभा राहतो. तेवढ्यात खालचं लाल ओव्हरलोड बटण बाहेर येईल, आणि ते नसेल तर आर्मेचरचा, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या तार गुंडाळलेल्या भागाचा, जळका वास येईल.

म्हणून भंगारात मोटर बघताना पाटीवर आधी आरपीएम वाचा, मग सतत चालणारी आहे की थांबून थांबून, ते बघा. वॉट शेवटी.

पाटी पुसली आहे. मोटर कुठल्या जातीची हे कसं ओळखायचं?

कार्बन ब्रश आहेत का ते बघा. शाफ्टच्या मागच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर आणि त्यावर दोन बाजूंनी टेकलेले कार्बन दिसले, तर ती युनिव्हर्सल मोटर: मिक्सर, व्हॅक्यूम क्लीनर, शिलाई मशीन, हँड ड्रिल, आणि जुनी-नवी बरीच फ्रंट लोड मशीनं. ब्रश नाहीत, रोटर म्हणजे नुसता गुळगुळीत लोखंडी दंडगोल, सोबत डब्यासारखा कपॅसिटर, तर ती इंडक्शन मोटर. सेमी-ऑटोमॅटिक, घरघंटी, टेबलटॉप वेट ग्राइंडर, पंखे, पंप सगळे यात आले.

इंडक्शन मोटरचा वेग आपल्या ५० हर्ट्झला बांधलेला असतो. २ पोलची ३०००, ४ पोलची १५००, ६ पोलची १००० असा चुंबकीय वेग, आणि प्रत्यक्षात स्लिप, म्हणजे रोटर मागे राहतो तेवढा वेग, जाऊन २८८०, १४४०, ९६० च्या आसपास. लहान मोटरी आणखी थोड्या मागे राहतात. तिच्यावर भार आला तरी वेग फारसा पडत नाही आणि भार गेला तरी ती उधळत नाही. वर्कशॉपला हाच स्वभाव हवा असतो.

शाफ्ट बोटाने फिरवूनही कळतं. कम्युटेटरवर कार्बन घासल्याची बारीक खरखर लागली की युनिव्हर्सल. लोहचुंबकामुळे शाफ्ट टप्प्याटप्प्याने अडखळला, तर ती इन्व्हर्टर मशीनची बीएलडीसी (ब्रश नसलेली, इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालणारी) किंवा डायरेक्ट ड्राइव्ह मोटर. तिला थेट मेन्स जोडायची नाही, जोडली तर तिथेच संपली.

वॉशच्या मोटरला तीन वायर आहेत. कुठली कुठे जोडायची?

वायरच्या रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. मीटर ओहमवर ठेवा आणि वायरना कागदी चिकटपट्टीने १, २, ३ अशी नावं द्या. तीन जोड्या होतात, तिन्ही मोजा.

समजा १-२ मध्ये २४ ओहम आले, १-३ मध्येही २४, आणि २-३ मध्ये ४८. सगळ्यांत मोठा आकडा आला त्या जोडीत जी वायर नाही, ती कॉमन, इथे १. दोन्ही वायंडिंग सारखीच आहेत, म्हणजे ही वॉशची मोटर, कारण तिला दोन्ही दिशांना सारख्याच जोराने फिरावं लागतं. न्यूट्रल १ ला द्या. कपॅसिटर २ आणि ३ च्या मध्ये. फेज २ ला दिला तर मोटर एका दिशेने फिरेल, ३ ला दिला तर उलटी. म्हणून दोन बाजू आणि मधे बंद असलेलं टू-वे स्विच लावलं की फॉरवर्ड-रिव्हर्स तयार. फक्त पूर्ण थांबल्याशिवाय दिशा बदलू नका, आणि आटे असलेल्या शाफ्टवर काही आवळून बसवलं असेल तर रिव्हर्सचा नादच नको. उलट्या दिशेत ते सैल होऊन उडतं.

आकडे ३०, ४५, ७५ असे विषम आले तर ती बहुधा ड्रायरची मोटर. कॉमन तशीच शोधायची. कॉमनशी कमी ओहम दाखवणारी रनिंग, जास्त दाखवणारी स्टार्टिंग. फेज थेट रनिंगला, आणि त्याच फेजमधून कपॅसिटरमार्गे स्टार्टिंगला. ही एकाच दिशेने फिरवायची. हिच्यात जोर कमी असतो. पॉलिशच्या कापडी बफला बरी.

एखाद्या जोडीत काहीच आकडा येत नसेल तर लगेच मोटर फेकू नका. पुष्कळ मोटरींच्या वायंडिंगमध्ये, पिवळ्या कापडी नळीत लपवलेला, थर्मल फ्यूज असतो. तो उडालेला असू शकतो. बदलायचा असेल तर त्याच तापमानाचा नवा टाकायचा, थेट वायर जोडून काम भागवायचं नाही.

कपॅसिटर कुठला घ्यायचा? पंख्याचा चालेल का?

पंख्याचा २.५ मायक्रोफॅरडचा चालणार नाही. वॉशच्या मोटरला बहुतेकदा १० च्या आसपास लागतो, ड्रायरच्या मोटरला ५-६. जुन्या कपॅसिटरवर आकडा छापलेला असतो, दुकानात ‘दहा एमएफडी’, म्हणजे मायक्रोफॅरड, म्हटलं की मिळतो. आकडा तोच ठेवा. मोठा टाकला की जोर वाढतो हे अर्धसत्य आहे. जोर थोडा वाढतो आणि वायंडिंग बरंच तापतं.

व्होल्टेज ४४० लिहिलेलं असावं. मेन्स २३० चं असलं तरी वायंडिंगसोबत जोडल्यावर कपॅसिटरच्या टोकांवर त्याहून जास्त व्होल्टेज चढतं. आणि जुनी मोटर घेतली तरी कपॅसिटर नवा घ्या. तो मशीनच्या किमतीच्या मानाने चिल्लर आहे आणि सगळ्यांत आधी मरणारा भागही तोच. काढलेल्या कपॅसिटरच्या टोकांना हात लावण्याआधी ती बल्बच्या होल्डरच्या दोन वायरना टेकवून रिकामी करा.

पहिल्यांदा वीज द्यायची भीती वाटते.

वाटायलाच हवी. प्रत्येक रिपेअरिंगवाल्याच्या टेबलावर सिरीज बोर्ड असतो, तो बनवून घ्या: फेजच्या वाटेत एक १०० वॉटचा पिवळा, तारेचा बल्ब, मग सॉकेट. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही. मोटर त्या सॉकेटला लावली आणि बल्ब भरगच्च पेटला, मोटर हललीही नाही, तर शॉर्ट असण्याची शक्यता मोठी. मंद पेटला आणि मोटर हळूहळू फिरू लागली, तर पुढे जा. बल्ब अजिबात पेटला नाही तर कुठेतरी तुटलेलं आहे.

त्याआधी बॉडी तपासा. मीटरचं एक टोक वायरला, दुसरं खरवडून चकचकीत केलेल्या बॉडीला. साध्या मीटरवर काहीच येता कामा नये. वायरमनकडे ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, असेल तर उत्तम. १ मेगओहमच्या खाली आली तर ती मोटर वापरू नका. पावसाळ्यात उघड्यावर पडलेली मोटर हमखास खाली येते. तिला दोन-तीन दिवस कडक उन्हात किंवा खोक्यात पेटत्या बल्बशेजारी वाळवा आणि पुन्हा मोजा. बऱ्याचशा मोटरी वाळल्या की सुधारतात.

मोटर गुणगुणते, पण फिरत नाही. हाताने ढकलली की फिरते.

कपॅसिटर. क्वचित बेअरिंग जाम असतं, ते वीज बंद करून शाफ्ट फिरवल्यावर कळतं. ढकलायचं झालं तर दोरीने ढकला, बोटाने नको.

घरघंटीची किंवा पंपाची मोटर असेल तर आणखी एक गोष्ट. यांतल्या बऱ्याच मोटरींत सेंट्रिफ्युगल स्विच असतो. मोटर वेगात आली की आतून ‘टक्’ असा आवाज येतो आणि स्टार्टिंग वायंडिंग सुटतं. बंद करताना वेग उतरला की पुन्हा ‘टक्’. सुरू होताना तो आवाज आला नाही तर ताबडतोब बंद करा. काही सेकंदांसाठी बनवलेलं वायंडिंग सतत चालू राहिलं की जळतं. बहुतेक वेळा स्विचमध्ये पीठ किंवा गंज अडकलेला असतो, साफ केला की काम होतं.

फ्रंट लोडच्या मोटरला आठ-दहा वायर आहेत. डोकं चालत नाही.

नुसती फिरवायला त्यातल्या चारच लागतात. कार्बन ब्रशच्या दोन शोधा, त्या डोळ्यांनी दिसतात. फील्ड कॉइलच्या दोन शोधा, त्यांच्यात एक-दोन ओहम असे अगदी थोडे येतात. कधी फील्डला मधून एक तिसरी वायर काढलेली असते, ती जास्त वेगाची, सोडून द्या. मागच्या टोकाला छोट्या डबीतून येणाऱ्या दोन बारीक वायर टॅकोच्या, म्हणजे वेग मोजणाऱ्या भागाच्या, त्यांच्यात दहा-वीसपासून काहीशे ओहमपर्यंत काहीही येऊ शकतं. उरलेल्या दोन असतील तर त्या थर्मल प्रोटेक्टरच्या. तो फेजच्या वाटेत ठेवा, वाया घालवू नका.

जोडणी अशी: फेज फील्डच्या एका टोकाला, फील्डचं दुसरं टोक एका ब्रशला, दुसरा ब्रश न्यूट्रलला. दिशा बदलायची तर दोन ब्रशच्या वायर एकमेकींत बदलायच्या.

आता धोक्याचं. या मोटरला पूर्ण २३० व्होल्ट देऊन रिकामी कधीही फिरवू नका. ड्रम हजार-बाराशे आरपीएमला पिळतो आणि पुलीचं प्रमाण दहा-बारास एक असतं, म्हणजे मशीनमध्येच मोटर दहा हजारांच्या वर जाते. भार नसला तर तिला वेगाची मर्यादाच नाही, आर्मेचरचं वायंडिंग बाहेर येईपर्यंत ती चढत जाते. टेबलावर नुसती ठेवून चालू केली तर पहिल्याच झटक्यात उडी मारते, म्हणून आधी पट्टीने किंवा व्हाइसमध्ये बांधा.

मग तिचा वेग आवरायचा कसा? पंख्याचा रेग्युलेटर लावू का?

पंख्याचा रेग्युलेटर शेसव्वाशे वॉटच्या पलीकडचा नसतो. ट्रायॅकचा (इलेक्ट्रॉनिक) मोठा डिमर लावला तर वेग कमी होतो, पण भार येताच मोटर मरते आणि भार सुटताच उधळते. टॅकोवरून वेग मोजून आपोआप जोर वाढवणारा बोर्ड लागतो. टीडीए१०८५ ही आयसी नेमकी याच कामासाठी बनलेली आहे आणि तिच्यावर आधारलेले तयार बोर्ड मिळतात. असा बोर्ड लावलेली फ्रंट लोडची मोटर लेथवर फार सुरेख चालते, ३०० आरपीएमलाही जोर धरते. फक्त कमी वेगात तिचा स्वतःचा पंखा हवा देत नाही, म्हणून बाहेरून छोटा पंखा रोखून ठेवा.

इंडक्शन मोटरला मात्र डिमर लावूच नका. वेग जरासाच पडतो, जोर पार जातो, आणि मोटर घरघरत तापत राहते. तिचा वेग पुलीनेच बदलायचा.

पुलीचा हिशोब काय?

मोटरचा आरपीएम गुणिले मोटरच्या पुलीचा व्यास, भागिले यंत्राच्या पुलीचा व्यास. १४०० ची मोटर, तिला २ इंची, यंत्राला ४ इंची, की ७०० आरपीएम. लोखंडात १० मिलिमीटरचं भोक पाडायला ८०० च्या आसपास हवं, ३ मिलिमीटरच्या भोकाला अडीच हजारही चालतात. म्हणून ड्रिलला तीन पायऱ्यांची पुली घ्या.

लाकडी लेथसाठी सुतार वापरतात तो आडाखा: इंचातला व्यास गुणिले आरपीएम हे ६००० ते ९००० च्या दरम्यान ठेवायचं. ८ इंची वाडगा असेल तर साडेसातशे ते अकराशे. ओबडधोबड ठोकळा सुरुवातीला त्याहून हळू.

पहिलं यंत्र कुठलं करू?

डिस्क सँडर. वॉशच्या मोटरला थेट शाफ्टवर बसतो, पट्टा नाही, पुली नाही, आणि चुकलं तरी बोटाची कातडी सोलण्यापलीकडे सहसा जात नाही.

शाफ्टचा व्यास व्हर्नियरने मोजा, साध्या पट्टीने नाही. तो आकडा घेऊन लेथवाल्याकडे जा आणि ॲल्युमिनियमचा किंवा एमएसचा (साध्या पोलादाचा) फ्लँज, म्हणजे चकती धरणारी तबकडी, करून घ्या: मागे शाफ्टवर बसणारी लांब नळी, त्यात एकमेकांना काटकोनात दोन ग्रब स्क्रू (डोकं नसलेले, आत बुडणारे), आणि त्यातला एक शाफ्टच्या सपाट कापावर बसेल असा. फ्लँज मोटरवर बसवूनच त्याचा चेहरा, म्हणजे पुढची बाजू, सपाट करून घेता आला तर फारच छान, पण तेवढी सवड प्रत्येक टर्नरला नसते. त्यावर ८ इंची, १८ मिलिमीटरची एमडीएफची चकती मागून स्क्रूने. मोटर चालू करून चकतीचा काठ पटाशीने आणि चेहरा सपाट लाकडावर चिकटवलेल्या ६० नंबरच्या सँडपेपरने एकसारखा करा. डगमग गेली की वेल्क्रो चिकटवा.

१४०० आरपीएमला ८ इंची चकतीच्या काठाचा वेग सेकंदाला जवळजवळ १५ मीटर येतो. लाकूड झपाट्याने खातो पण जाळत नाही. टेबल चकतीपासून दोन मिलिमीटरवर, म्हणजे फटीत तुकडा ओढला जाणार नाही. काम नेहमी त्या अर्ध्यावर करायचं जिथे चकती खाली जाते. वर जाणाऱ्या अर्ध्यावर लाकूड धरलं तर ते कपाळावर येतं.

एक अडचण राहते. या मोटरी उघड्या असतात आणि भुसा आत ओढतात. मोटर आणि चकतीच्या मध्ये प्लायवुडची भिंत घ्या आणि मोटरला मागून स्वच्छ हवा मिळू द्या. मोटरभोवती कापड किंवा बारीक जाळी गुंडाळू नका. ती भुशाने बुजते आणि मोटर उकडते. तळहात पाच सेकंद ठेवता येत नसेल तर विश्रांती द्या. वॉशची मोटर मुळात थोडा वेळ फिरून, थांबून, उलटी फिरण्यासाठी बनलेली आहे, रिकामी चालली तरी ती तापते.

धार लावायला ग्राइंडरचा दगड लावता येईल का?

येईल, पण इथे हिशोब चुकला तर दवाखाना. दगडावर कमाल वेग छापलेला असतो. बेंच ग्राइंडरच्या दगडावर साधारण सेकंदाला ३५ मीटर असतो. ६ इंची दगडाला तो सुमारे ४४५० आरपीएमला गाठला जातो. २८८० च्या मोटरवर तोच दगड २३ मीटरच्या आत राहतो, म्हणजे ठीक. मिक्सरच्या मोटरवर लावला तर १४० मीटर होतात. दगड फुटतो आणि तुकडे बंदुकीच्या गोळीसारखे जातात. मिक्सर, व्हॅक्यूम किंवा फ्रंट लोडच्या मोटरवर ६ इंची दगड लावलेले व्हिडिओ दिसतात. तसलं काही करू नका.

खरी मजा वॉशच्या मोटरवर आहे. १४०० आरपीएमला ६ इंची दगड ११ मीटरने फिरतो. पटाशी, रंध्याचं पातं, विळी यांना धार लावताना पोलाद निळं पडत नाही, पाणी उतरत नाही. सुतारकाम करणारे मुद्दाम कमी वेगाचे ग्राइंडर विकत घेतात, ते यासाठीच.

दगड बसवण्याआधी तो बोटावर टांगून स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच वाजवा. खणखणीत वाजला तर घ्या, बद्द वाजला तर आत तडा आहे, फेकून द्या. दोन्ही बाजूंना फ्लँज, दगडाच्या व्यासाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे तरी, आणि मध्ये कागदी चकत्या. त्या काढून टाकायच्या नसतात. पत्र्याचं जाड कव्हर हवंच. नवा दगड लावल्यावर पहिला एक मिनिट बाजूला उभं राहून चालवा. आणि दगड शक्यतो थेट मोटरवर न लावता, दोन यूसीपी २०४ प्लमर ब्लॉकमधल्या (पायावर बसवायच्या तयार बेअरिंगमधल्या) २० मिलिमीटर शाफ्टवर लावून पट्ट्याने फिरवा. लोखंडाचा कीस उघड्या वायंडिंगमध्ये गेला की तो आज ना उद्या शॉर्ट करतो.

टेबल सॉ करायचा आहे.

घरघंटीच्या मोटरवर होतो. तरी करू नका असंच सांगेन. रायव्हिंग नाइफ (पात्यामागे कापलेली फट उघडी ठेवणारी पट्टी), पात्याला अगदी समांतर फेन्स (लाकूड टेकवून सरकवायची पट्टी) आणि कव्हर हे तीनही नीट जमलं नाही तर किकबॅक येतो, म्हणजे लाकूड उलटं अंगावर फेकलं जातं, आणि हे तीनच घरी जमायला सगळ्यांत अवघड असतं.

फ्रिजच्या कॉम्प्रेसरचा एअर कॉम्प्रेसर होतो म्हणतात.

होतो, आणि तो इतका शांत असतो की फ्लॅटमध्ये रात्रीही चालवता येईल. एअरब्रश, सायकलची हवा, धूळ उडवणं एवढ्यापुरता. रंगाच्या मोठ्या स्प्रे-गनला त्याची हवा पुरत नाही.

गॅस मात्र स्वतः सोडू नका. अलीकडच्या फ्रिजमध्ये आर६००ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन, पेट घेणारा. त्याआधीच्यांत आर१३४ए, जो वातावरणात गेला तर कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरतो. फ्रिजवाल्याकडून काढून घ्या. सुट्या कॉम्प्रेसरमध्ये तेल असतं, ते हवेबरोबर थोडं थोडं बाहेर येतं, म्हणून ऑइल सेपरेटर लागतो आणि अधूनमधून तेल भरावं लागतं. टाकीत दाब असताना तो सुरूच होत नाही, ओव्हरलोड टकटक करत राहतो. बंद झाल्यावर नळीतली हवा सोडणारा व्हॉल्व्ह लावला की हा त्रास जातो. सेफ्टी व्हॉल्व्ह सोडून चालणार नाही. टाकी म्हणून घरगुती गॅसचा सिलिंडर वापरायचा नाही. तो तेल कंपनीच्या मालकीचा असतो, आणि त्यातला उरलेला गॅस व हवा यांचं मिश्रण म्हणजे स्फोटक.

पंखा, व्हॅक्यूम, मायक्रोवेव्ह, शिलाई मशीन?

छताच्या पंख्याची मोटर साडेतीनशे-चारशे आरपीएमची, जोर किरकोळ. मुलांसाठी मातीचं छोटं चाक करता येतं. व्हॅक्यूमची मोटर काढू नका, आख्खा व्हॅक्यूमच बादलीवर बसवलेल्या सायक्लोनला जोडा, सँडरचा भुसा ओढायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. शिलाई मशीनची मोटर पायाच्या पेडलसकट घ्या. बारीक कोरीवकामाच्या फिरत्या टोकांना ती मिक्सरपेक्षा कितीतरी बरी. मायक्रोवेव्हची ताटली फिरवणारी मोटर मिनिटाला पाच-सहा फेरे घेते आणि रेझिन वाळवायला छान आहे, पण तिच्यासाठी मायक्रोवेव्ह उघडू नका. त्यातला कपॅसिटर दोन हजार व्होल्टच्या घरातला असतो आणि प्लग काढल्यावरही जीव घेऊ शकतो. माहितगाराकडून ती मोटर काढून घ्या.

अर्थिंग केलंच पाहिजे का? आणि लोडशेडिंगचं काय?

वॉशिंग मशीनमध्ये मोटर प्लास्टिकच्या पोटात होती, आता ती तुमच्या हाताशी उघडी आहे. मोटरची बॉडी आणि लोखंडी स्टँड दोन्हींना हिरवी वायर, थ्री-पिन, आणि त्या लाइनवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच लाइन तोडणारा स्विच.

वीज गेली की माणूस स्विच बंद करायला विसरतो आणि चहाला जातो. परत येऊन टेबलावर हात टेकतो तेव्हा वीज येते. म्हणून साधा स्विच नको, नो-व्होल्ट कॉइल असलेला पुश-बटण स्टार्टर लावा, शेतातल्या मोटरला असतो तसा, लहान. वीज आली तरी हिरवं बटण दाबेपर्यंत यंत्र सुरू होत नाही. शेतावर वीज येताच पंप आपोआप चालू व्हावा म्हणून बसवतात तो ऑटो स्विच इथे चुकूनही नको.

हातमोजे काढून काम करा, फिरणाऱ्या यंत्राजवळ ते घातकच. ओढणी, मंगळसूत्र, सैल बाही, गळ्यातला गोफ बाजूला. चष्मा हवाच.

मोटर आणायची कुठून?

भंगारवाला किलोवर देतो, रिपेअरिंगवाला नगावर. रिपेअरिंगवाल्याकडून घ्या, थोडे पैसे जास्त जातात, पण तो ती चालवून दाखवतो, आणि मशीन का टाकलं तेही सांगतो. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईत कुर्ल्याचा भंगार बाजार या फिरण्याच्या जागा आहेतच. कपॅसिटर, स्विच वगैरे पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लोहार चाळ. पुली, पट्टे, बेअरिंग मुंबईत नागदेवी स्ट्रीटला. बाहेरगावी शेती अवजारांच्या दुकानात व्ही-बेल्ट आणि पुली सहज मिळतात.

घेताना शाफ्ट वर-खाली हलवून बघा. टकटक जाणवली तर बेअरिंग किंवा बुश (बेअरिंगऐवजी असलेली साधी धातूची नळी) गेलंय. ६२०२, ६२०३ असा नंबर असलेलं बेअरिंग कुठेही मिळतं आणि बदलणं सोपं. बुश असेल तर सोडून द्या. नाकाने वासही घ्या, जळक्या वार्निशचा वास लपत नाही.

वायंडिंग जळालेली मोटर भरून घ्यावी का?

घरघंटीची असेल आणि वायंडर ओळखीचा असेल तर हो. वॉशची असेल तर नाही, तेवढ्यात दुसरी चालू मोटर येते. अलीकडे पुष्कळ मोटरींत ॲल्युमिनियमची तार असते, वरून लाख एकसारखीच दिसते. टोक खरवडलं की चंदेरी दिसतं. ती वाईटच असते असं नाही, पण तुटली तर साध्या डागकामाला दाद देत नाही.

एवढं करून परवडतं का?

बेंच ग्राइंडरच्या बाबतीत, खरं सांगायचं तर, नाही. नवा छोटा ग्राइंडर घ्यायला जाल आणि फ्लँज, प्लमर ब्लॉक, पट्टा, स्टार्टर, लेथवाल्याची मजुरी यांचा हिशोब कराल तर फार फरक उरत नाही. सँडर, कमी वेगाचा धारेचा दगड, लेथ आणि बफिंग यांत मात्र परवडतं, कारण ही यंत्रं एकतर महाग मिळतात किंवा चांगली मिळतच नाहीत. स्टार्टर आणि आरसीसीबी यांत काटकसर करून परवडत असेल, तर ते परवडणं नव्हे.

उरलेल्या मशीनचं काय करायचं?

पत्रा आणि तांबं भंगारवाला घेतो. सर्किट बोर्ड जाळून तांबं काढणाऱ्यांकडे जाऊ देऊ नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत वॉशिंग मशीन आणि फ्रिज दोन्ही येतात. अधिकृत रिसायकलर किंवा महापालिकेच्या ई-कचरा संकलनात द्या. टायमर, ड्रेन पाइप, वॉटर व्हॉल्व्ह मात्र ठेवून घ्या. शेजारच्या कुणाला तरी लागतातच.

फ्लॅटमध्ये खालच्यांची तक्रार येते.

आवाज मोटरचा कमी, लादीतून उतरणाऱ्या थरथरीचा जास्त. स्टँडखाली जाड रबर, त्याखाली जुन्या टायरचा तुकडा, आणि यंत्र भिंतीला टेकवू नका. पुली एका रेषेत नसल्या तरीही पट्टा ठोके देतो; सरळ पट्टी लावून दोन्ही पुलींचे चेहरे जुळवा. एवढं करूनही तक्रार आली तर दुपारच्या झोपेची वेळ टाळा.